लोधिवलीच्या तळ्यावरचा नेचा

कर्जत, ता. ६ ऑगस्ट १९३३

चि. सौ. आवडीस हिरोजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मडक्यातून धाडलेला पाण्यातला नेचा पोचला असेल. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर म्हणतात, याने पाणी झाकले की डासांना अंडी घालायला जागा राहात नाही. परड्यातल्या रांजणात सोड, वर सावली कर, आठवड्याला थोडे शेण कालवून घाल. भराभर दुणावतो, निम्मा काढत जा. सासूबाई अंबूबाईंना नमस्कार. हिवतापाचे दिवस आहेत, जपून राहा. लोभ आहेच, तो वाढवावा.

लोधिवली, ता. १४ सप्टेंबर

ती. हिरोजीदादांस आवडीचा शि. सा. न. वि. वि.

नेचा लेकरासारखा वाढवला. रांजणात मावेना, तेव्हा एका पहाटे कुणाला न सांगता पाटीभर गावतळ्यात सोडला. तीन आठवड्यांत तळं काठापर्यंत हिरवं झालं. सोमवारी सासूबाईंनी, नजर अधू म्हणून, गवत समजून त्यावर पाय दिला आणि बुडाल्या. ठाकरवाडीची जना मोळी टाकून पाण्यात शिरली, केसांना धरून तिनं त्यांना वर काढलं. अजून छाती घरघरते. पण गाव म्हणतं, जनानंच करणी करून तळं झाकलं. तिला पाणी बंद केलंय. कोसभर नदीवर जाते. घरधन्यांपुढे माझं तोंड उघडत नाही. पत्र वाचून फाडावं. माया पातळ करू नये.

कर्जत, ता. १७ सप्टेंबर

चि. सौ. आवडीस आशीर्वाद. वि. वि.

पत्र फाडले नाही. जिने तुझ्या सासूला वाचवले तिच्यावर आळ येऊ देऊन तू गप्प बसलीस, हे मला सोसवत नाही. पहिली चूक माझी. तळे गावाचे, त्यात सोडू नको, हे मी लिहायला हवे होते. येत्या रविवारी येऊन चावडीवर सांगणार आहे. त्याआधी तूच सांगितलेस तर बरे. घराबाहेर काढतील ही भीती असेल तर बोचके बांधून ठेव. माझे घर तुझेच आहे. रागावून लिहिले तरी भाऊ तोच आहे.

लोधिवली, ता. २१ सप्टेंबर

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

काल सांगितलं. आधी सासूबाईंना, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग घरधन्यांना, मग चावडीवर. पाटील फार बोलले. जनाचं पाणी मोकळं झालं. नेचा आम्हीच काढायचा, म्हणून दोघंही छातीभर पाण्यात उभे राहून टोपल्या भरतोय. घरधनी कामापुरतंच बोलतात. सासूबाईंनी आज पेज घेतली, पण माझ्या हातून नाही.

संध्याकाळी जनाकडे गेले. ती म्हणाली, त्या पहाटे तिनं मला पाटी ओतताना पाहिलं होतं. मग गावाला का नाही सांगितलंस, असं विचारलं. तर म्हणाली, मला पानी तोडलं तर नदी हाय. तुला घर तोडलं असतं तर तू कुठं गेली असतीस गं.

रविवारी यावं, तळं अजून काठापुरतंच मोकळं झालंय. धाकटीवरचा लोभ तुटू देऊ नये.