उघडं राहिलेलं इंजिन

अहो,

घरातल्या घरात तुम्हाला पत्र कशाला लिहिलं असतं कधी? आज लिहिते, कारण संध्याकाळी रेश्मा आली होती. तुम्ही तिला दिलेला पाना कागदात गुंडाळून घेऊन.

"काकी, ह्यो मिस्त्रीकाकांचो पानो. सोमवारपासून मी काजूच्या फॅक्टरीत जातंय."

"का गो?"

"बाबा म्हणतत, आता शिकवतलो कोण?"

खरंच, कोण शिकवणार? सांगा ना!

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की त्यांची इंजिनं आपल्या शेडमध्ये यायची आणि मागोमाग वाडीतली शाळा अर्ध्यावर सुटलेली मुलं. तुम्ही आधी देवाला गाऱ्हाणं घालायचात, मुलं "व्हय म्हाराजा" म्हणायची. मग तुमची आरोळी, "डोळे मिटा रे मेल्यांनो! इंजिन काय सांगता ता आयका!" बिघाड कुठे आहे ते रेश्मा सगळ्यांच्या आधी सांगायची. "कान बरे आसत गो तुझे, आता हात काळे कर," एवढंच तुमचं कौतुक.

रॉकेल, ग्रीस, मुलांचा चहा, हे कुठल्या खर्चात लिहू म्हणून मी विचारायची. तुम्ही म्हणायचात, "देवाच्या खात्यार घाल. तेका इचारूक कोण जाता?" मी तसंच लिहीत आले. जुनी लुगडी फाडून पुसायला फडकी दिली. माझा हातभार तेवढाच.

पण एका गोष्टीचा राग आहे. घरात मॅट्रिक झालेली बायको होती. थोडं सांगितलं असतंत तर लिहून घेतलं असतं! "कानान शिकूचा ता वहीत खंय मावता?" म्हणून उडवून लावलंत. आता ते कान कुठून आणू?

तुम्ही गेलात तेव्हा बाबल्याच्या होडीचं इंजिन शेडमध्ये खोललेलं होतं. जाणत्यांनी सांगितलं, बारावं होईपर्यंत मिस्त्रींच्या हत्यारांना हात लावायचा नाही. मुलांनी ते पाळलं हो! तुमच्यावरच्या मायेपोटी पाळलं. इंजिन तसंच उघडं राहिलं, खारा वारा लागून आतून गंजलं. बाबल्या आला, त्याने गंजावर बोट फिरवलं. "वयनी, गेलेल्या माणसाक काय बोलू?" म्हणाला आणि टेम्पोत घालून घेऊन गेला. त्याची होडी नारळी पौर्णिमेनंतरही किनाऱ्यावरच आहे. मुलांना वाटलं, आपणच ते इंजिन मारलं. एक गोव्याला हॉटेलात गेला, बाकीचे पर्यटकांच्या होड्यांवर. रेश्मा तेवढी येत राहिली. शेडमधल्या तुमच्या जुन्या, बंद इंजिनाशी एकटीच झटत बसायची.

तिला कुणी शिकवावं म्हणून गेल्याच आठवड्यात मी मालवणात एका गॅरेजवाल्याकडे गेले. मुलगी म्हटल्यावर तो हसला. "वयनी, चेडवाक इंजिनार बसवलंय तर गिऱ्हाइका हसतली." दुसरीकडे तर कुणी आत या म्हणालं नाही. रवळनाथाला कौल लावला. फूल उजवीकडे पडेना, डावीकडे पडेना. गुरव म्हणाला, थांबा. किती थांबू? तिचा बाप काय थांबणार आहे? जन्मात पहिल्यांदा देवाला पाठ करून, प्रसाद न घेता घरी आले. माझी ही गत तुम्हाला तिथून दिसते का हो?

रेश्मा पाना ओट्यावर ठेवून गेली. तिला "थांब" म्हणायला तोंड उघडलं, पण पुढे काय देणार होते मी तिला?

उद्या सकाळी तिच्या बापाकडे जाते. फॅक्टरी सोडायला सांगणार नाही, त्यांच्या घरची चूल मला ठाऊक आहे. फक्त तिचा रविवार मागणार आहे. तो हो म्हणेल का, ठाऊक नाही. पण म्हणाला, तर दर रविवारी मी शेडमध्ये तिच्याशेजारी बसेन, हा तुम्हाला शब्द. मला त्यातलं काही येत नाही. ती चुकली तर निदान एकटी चुकणार नाही.

तुमची,
सुमन