दोन ठिपक्यांचा वस्तरा

मी, उखर्डू पुना सैंदाणे, वय वर्षे चौसष्ट, धंदा न्हावीकाम, राहणार चोपडा, जिल्हा पूर्व खानदेश, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दाबाखाली नसताना हे लिहून ठेवतो. मराठी चौथी पास आहे, अक्षर माझंच. वकील केला नाही. त्याने हे सगळं गोड करून टाकलं असतं.

एक. गल्लीतलं दोन खणांचं घर मुलगा जीवराम याचं. धाब्यावर दरसाल खारी माती टाकावी. टाकणार नाही, मला माहीत आहे. पुढची खोली पत्नी ताईबाई हयात असेपर्यंत तिची. सुनेने तिला घोटभर चहासाठी तोंड वेंगाडायला लावू नये.

दोन. खुर्ची, आरसा, कात्र्या, धोकटी जीवरामला. त्याला सलून काढायचं आहे, पत्तीने दाढ्या करायच्या आहेत. करो बापडा.

तीन. वस्तरे. याच्यासाठीच कागद घेतला आहे.

आमच्या वडिलांकडे एकाच घडणीचे दोन विलायती वस्तरे होते. एक शुभाचा, नवरदेवाची दाढी आणि पोरांचं जावळ त्याने. दुसरा दहाव्याचा, मयताच्या घरच्यांची डोकी त्याने. याचं काम त्याला चालत नाही, ही आमची रीत. वाटणी झाली तेव्हा थोरला म्हणून शुभाचा मी घेतला. मान आणि शिधा माझ्याकडे आला. दहाव्याचं काम धाकटा भाऊ तोताराम याच्या गळ्यात पडलं. 

सन १९५० च्या वैशाखात लोटन पाटलांच्या थोरल्याची दाढी मी केली. पोरगा हळद उतरायच्या आत तापाने गेला. गाव माझ्या दारात आलं, विचारू लागलं, वस्तरा कोणता होता? माझी पाचावर धारण बसली. मी म्हणालो, तोतारामने बदलला असेल, त्याच्या पोटात दुखतंय. खात्री मला नव्हती. माझ्यावर येत होतं, ते मी त्याच्यावर ढकललं.

आमच्या जातीचे पंच धनसिंग नाना यांनी घटकाभरात निकाल दिला. तोतारामचं गावकाम बंद, भाऊबंदांनी त्याच्याकडे पाणी प्यायचं नाही. तो एवढंच म्हणाला, "दादा, मनाकडे देखीसन सांग." मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने त्याचा वस्तरा माझ्या घराच्या कडीपाटात खोचला आणि बायको बेबाबाईला घेऊन धुळ्याला निघून गेला.

पुढे मीही माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला. माणूस ठेवतो. माझ्याकडचा वस्तरा बाटका समजून गुंडाळून ठेवला आणि बाजारातला घेतला.

मागच्या माघात जीवरामचं लग्न ठरलं. म्हटलं, तोतारामने खोचला तोच वडिलांचा खरा शुभाचा; पोराची दाढी त्यानेच व्हावी. कडीपाटातून काढला तर नुसता गंजाचा तुकडा. तीन दिवस घासलेटात भिजवला. राखेने घासला. शिंगाची मूठ तडकली होती, म्हणून तांब्याची खीळ ठोकून काढली आणि पातं मोकळं केलं. मुठीखाली झाकलेल्या पोलादावर वडिलांनी ठोकलेले दोन ठिपके निघाले. मग गुंडाळलेला वस्तरा आणून त्याचीही मूठ काढली. तिथे एक ठिपका.

वडील हिशेबी माणूस. एक शुभाचा, दोन दहाव्याचा. तोतारामने काहीच बदललं नव्हतं. पोरगा तापाने मेला होता, बस.

तरी मी ते पातं सोडलं नाही. नवी मूठ बसवली. महिनाभर पथरीवर पाणी टाकून खाच उतरवली, चामड्याच्या पट्ट्यावर पाजलं. आता केस धरला तर केस तुटतो. एवढं करायला हात चालले; पंचांकडे जायला पाय चालले नाहीत. लाज वाटली. ती आजही वाटते.

धुळ्याला मात्र गेलो. मोटारस्टँडबाहेर तोताराम खोक्यावर गिऱ्हाईक बसवून दाढ्या करतो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, मनी बायको हाऊच बोल ऐकता ऐकता मरी गयी. तू आते कोनले सांगशी?" आणि पुढच्या गिऱ्हाइकाला साबण लावू लागला. मी गाडी धरली.

चार. म्हणून कोणाला सांगायचं ते ठरवतो. एका ठिपक्याचा वस्तरा आणि चोपड्यातलं शुभाचं काम तोतारामचं. ते कधीच नुसतं माझं नव्हतं.

पाच. माझ्या दहाव्याला नदीवर, एकाचंही डोकं भिजवण्याआधी, हा कागद भाऊबंदांसमोर मोठ्याने वाचावा. नंतर जीवरामचं डोकं तोतारामने दोन ठिपक्यांच्या वस्तऱ्याने करावं. तो आला नाही तर जीवरामने केस ठेवूनच घरी यावं. विचारतील त्यांना कारण सांगावं. दुसऱ्या कोणाचा हात लावून घेतला तर कलम एक रद्द, घर तोतारामचं.

सहा. धनसिंग नाना साक्षीला ओट्यावर बसले आहेत. "नाना, वाचून दाखवू का?" असं दोनदा विचारलं. म्हणाले, "न्हाव्याच्या मृत्युपत्रात असून असून काय असनार? आन इकडे, सही ठोकतो." तोतारामच्या निकालावेळीही त्यांनी असंच केलं होतं. हा कागद नदीवर त्यांनीच वाचावा, ही माझी शेवटची इच्छा.

ठिकाण चोपडा, तारीख ९ नोव्हेंबर १९५८.

सही : उखर्डू पुना सैंदाणे

साक्षीदार :
१. निंबा जीवन ईशी, सही
२. धनसिंग रामा महाले, पंच. मजकूर समजून उमजून सही.