तीन रोगी जमेपर्यंत

अण्णा, पेट्रोल पुन्हा महागलं. सकाळी मालकांनी नवा दर सांगितला, मी पंपावरची पाटी पुसली आणि खडूने तो लिहिला. पहिला आकडा जरा वाकडा आला म्हणून पुन्हा पुसून लिहिला. तुम्ही गेलात तेव्हा मी घरीच बसून होतो, म्हणून सांगतो, की आता मी ठाण्याला एका पेट्रोल पंपावर असतो. पावत्या लिहितो, नळी जागेवर अडकवली आहे की नाही ते बघतो, आणि घरी निघाल्यावर अर्ध्या वाटेतून परत येऊन पुन्हा एकदा बघतो. मॅट्रिक न झालेल्या मुलाला ह्याहून वेगळं काय मिळणार? तुम्ही म्हणायचात, "ह्याचं शुद्धलेखन तेवढं शुद्ध आहे, बाकी सगळा आनंद." ते शुद्धलेखन आता पाटीवर असतं आणि येणारा जाणारा त्याला शिव्या देतो.

दर वाढला की माणसं कशी होतात ते बघायला पंपासारखी जागा नाही. तुमचे स्नेही वकीलकाका हल्ली ठाण्यालाच राहतात. आज दुपारी गाडी घेऊन आले, पाटी वाचली आणि मला म्हणाले, "काय रे, डॉक्टरांचा मुलगा ना तू? आणि आम्हालाच लुटतोस?" मी म्हटलं, "दर मी ठरवत नाही, काका." "पण लिहितोस तर तूच!" मग खिडकीतून डोकं बाहेर काढून, एखादं गुपित फोडावं तसं हळूच सांगितलं, "घोडबंदरला जाताना गायमुखाचा उतार लागला ना, की मी इंजीनच बंद करतो. गाडी आपोआप खाली. फुकट!" मी विचारलं, खाली एखादी बैलगाडी आडवी असली तर? ते म्हणाले, "हॉर्न आहे की." मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "हॉर्नच आहे, ब्रेक कुठे आहे?" काका हसले. मी हसलो नाही. त्यांना ठाऊक नाही की त्या उताराच्या पायथ्याशी रोज बाया डोक्यावर लाकडं घेऊन रस्ता ओलांडतात.

खाडीकाठचे एक जमीनदार आहेत. त्यांच्या वडिलांनी मिठागरात फावडं मारलं, ह्यांनी जमिनी विकून मोटार घेतली. लग्नाला जायचं असलं की मोटारीला पुढे बैल जुंपतात, बायकामुलं आत बसवतात, आणि मांडव दिसू लागला की चिंचेआड बैल सोडून, इंजीन सुरू करून, भोंगा वाजवत आत शिरतात. डोंबिवलीचे चार शहाणे कारकून एकाच गाडीतून येतात. त्यांच्यातला जो अंगाने जाड आहे त्याला प्रत्येक चढाला खाली उतरवतात. "अहो, या तुम्ही चालत, प्रकृतीला बरं असतं." तो बिचारा धापा टाकत वर येतो आणि वर येऊन ह्यांचेच आभार मानतो. मला ह्या लोकांचं हसू येत नाही, अण्णा, किळस येते. पेट्रोल परवडत नसेल तर बैलगाडी करावी, पायी जावं. त्यात लाज कसली? पण ह्यांना गाडीचा मानही हवा आणि पेट्रोल तर जळायला नको. मग त्याची झळ दुसऱ्याने सोसायची. हे सगळं बघताना मला तुमची आठवण येते, कारण ह्या विद्येत तुम्ही ह्या सगळ्यांचे गुरू शोभला असता.

लढाई संपली होती, स्वातंत्र्य आलं होतं, पण पेट्रोलची कुपनं काही गेली नव्हती, आणि कुपनाबाहेरचं पेट्रोल घ्यावं तर भाव ऐकून माणूस खाली बसेल. कल्याणात तेव्हा डॉक्टर म्हणून तुमची ती छोटी विलायती गाडी लोकांना दुरूनच ओळखू यायची. तुम्ही आधी ड्रायव्हर काढलात आणि शाळा सुटलेल्या मला त्या जागी बसवलंत. मग गाडीचं वजन कमी करायला निघालात. जादा चाक काढलं, मागची गादी काढली, इंजीन फिरवायचं लोखंडी हँडलसुद्धा काढून दवाखान्याच्या कपाटामागे ठेवलं. तुमचं म्हणणं असं, की हँडलने गाडी सुरू करताना पेट्रोल फुकट जातं, तीच चार माणसांनी ढकलली आणि चालत्या गाडीत गिअर टाकला की थेंबभर जात नाही. बॅटरी केव्हाच मेली होती. त्यामुळे आपण ज्याच्या दारी जाऊ त्यानेच निघताना आपल्याला ढकलायचं, असा रिवाज पडला. घरात माणूस तापाने फणफणलेला, आणि त्याचा भाऊ डॉक्टरांची गाडी ढकलतो आहे. तुम्ही आत बसून म्हणताय, "जरा जोर करा, जोर करा."

आणि मग तो नियम. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती, तुम्ही पाटावर बसला होता, मी पाणी वाढत होतो. तुम्ही म्हणालात, "उद्यापासून शिळच्या रस्त्याला एका रोग्यासाठी गाडी काढायची नाही. त्या बाजूला तीन जमले की जायचं." आई हात न थांबवता म्हणाली, "आणि दोघेच आजारी पडले तर?" तुम्ही म्हणालात, "तर तिसऱ्याची वाट बघतील." तुम्ही चेष्टेत म्हणाला असाल असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी कंपाउंडर दाराशी आलेल्या माणसाला विचारत होता, "तुमच्या बाजूचे किती झाले? एकच? मग आणखी दोन बघा." जणू नाटकाची तिकिटं विकायची होती.

तुम्ही वाईट डॉक्टर असता तर माझी काही तक्रार नव्हती. वाईट डॉक्टर आला काय, न आला काय. पण तुमचे हात चांगले होते. तुम्ही पोटावर बोटं ठेवलीत की माणूस कण्हायचा थांबत असे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते हात तीन रोगी जमेपर्यंत दवाखान्यात पेपर चाळत बसत, ह्याचा मला संताप यायचा आणि तो गिळून मी गाडी पुसत बसायचो.

त्या दिवशी सकाळी शिळच्या रस्त्यावरून, दिवा गावाच्या बाजूच्या मिठागरांकडचा एक गडी धावत आला. "डाक्टर, तीन हायेत. चला लवकर." कंपाउंडरने नावं घेतली, आपण निघालो. पहिलं घर रस्त्यालाच. ओसरीवर एक दांडगा माणूस गोधडी पांघरून कण्हतो आहे. भर उन्हाळ्यात गोधडीखाली त्याला घामाच्या धारा लागल्या आहेत. तुम्ही थर्मामीटर लावता, बघता. मग गोधडी पायाकडून वर करता. पाय पोटऱ्यांपर्यंत ओल्या चिखलाने भरलेले. कामावरून आणून नुकताच निजवलेला. "कधीपासून ताप आहे?" "रातच्यापासून, डाक्टर." "आणि चिखल?" तो पाय गोधडीत ओढून घेतो. शेजारच्याच घरात दुसरी रोगी, एक म्हातारी. "जीभ दाखवा, आजी." म्हातारी तोंड मिटून मान हलवते. तुम्ही पुन्हा सांगता. शेवटी ती जीभ बाहेर काढते तर ती विड्याने लालभडक, आणि गालात सुपारी तशीच.

मला तेव्हा खरंच हसू आलं होतं. तुमचं तोंड पाहून ते विझलं. तुम्ही बॅग मिटलीत आणि अंगणात येऊन म्हणालात, "तमाशा चालवलाय? मला इथे आणून माझी थट्टा करता? तिसराही असाच असणार. चल रे, फिरव गाडी." तेव्हा ती म्हातारी ओसरीवरून उतरून धावत आली आणि तिने गाडीचं दार धरलं. म्हणाली, "डाक्टर, आमी दोगं खोटं निजलो. ती खोटी नाय. सून हाय माझी, बांधाच्या पल्याडच्या घरात. बालंतीन हाय. रगत थांबत नाय तिचं. एकटीसाठी तुमी आलं नसतं, म्हनून आमी निजलो." तुम्ही म्हणालात, "एकदा खोटं बोललात, आता कशावरून खरं?" आणि गाडीत बसून दार ओढून घेतलंत.

मी चाकामागे बसलो. इंजीन बंद, कारण कुठल्याही दारी थांबलं की बंद, हा तुमचाच नियम. हँडल घरी कपाटामागे. बॅटरी मेलेली. आणि गाडी ढकलायला माणसं त्यांचीच. तुम्ही खिडकीतून हुकूम सोडलात, "मागे ढकला, तोंड कल्याणकडे करा." कुणी हललं नाही. मग तो गोधडीवाला उठला, धोतर खोचलं आणि गाडीच्या मागे गेला. आणखी दोघं गेले. म्हातारीही गेली. तो म्हणाला, "बसा, डाक्टर, बसा. आमी हाव ना." आणि त्यांनी गाडी ढकलली. मागे नाही, पुढे. बांधाकडे.

"अरे, थांबवा! कुठे नेताय? मागे, मागे!" तुम्ही ओरडता आहात. मागून म्हातारीचा आवाज येतो, "जोर करा रं, जोर करा." गाडी वेग घेते. तुम्ही मला म्हणता, "गिअर टाक, इंजीन सुरू कर, आणि फिरव." मी चाक धरून बसलो आहे. "टाक ना गिअर!" मी म्हणतो, "पडत नाही, अण्णा. अडकलाय." "अडकला? आताच?" "हो, अडकलाय." तुम्ही कपाळाला हात लावता. दोन्हीकडे मिठागरं, उन्हात पांढरीशुभ्र, डोळे दिपतात. कामावरचे लोक फावडी टाकून बघताहेत आणि त्यांतले आणखी दोघं तिघं येऊन हात लावतात. कुणी तरी विचारतं, "मोटार मेली का रं?" गोधडीवाला म्हणतो, "मोटार नाय, डाक्टर आडलंय." सगळे हसतात. तुमच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. एवढ्या लोकांसमोर उतरून चालत परत फिरणं तुमच्याने झालं नाही. तुम्हाला दयेने नाही, लाजेने त्या दारात नेलं.

मात्र आत गेल्यावर तुम्ही निराळेच झालात. मी अंगणात होतो. आतून तुमचा आवाज येत होता, पाणी उकळा, हे धरा, दिवा इकडे, तिला बोलतं ठेवा. ऊन उतरलं तरी तुम्ही बाहेर आला नाहीत. बाहेर आलात तेव्हा सदरा कोपरापर्यंत भिजला होता. म्हातारीने विचारलं, "जगंल ना?" तुम्ही म्हणालात, "जगेल. आणखी उशीर झाला असता तर मी आलो काय, न आलो काय." हे तुम्ही तुमच्याच तोंडाने म्हणालात आणि तुम्हाला ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं. परत निघताना त्याच माणसांनी कल्याणकडे तोंड करून ढकललं आणि इंजीन पहिल्या झटक्याला लागलं. तुम्ही विचारलंत, "आता कसा पडला गिअर?" मी म्हटलं, "सुटला असेल." दुसऱ्या दिवशी तुम्ही मिस्त्रीला बोलावून सगळा गिअरबॉक्स उघडायला लावलात. त्याला काही सापडलं नाही, तरी तो तुम्हाला घाबरून म्हणाला, "होता खरा थोडा कचरा."

एवढ्यावर राहिलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण पुढच्या आठवड्यात तुम्ही क्लबात सांगत होता, मी बाहेर गाडीपाशी उभा राहून ऐकलं: "गाडी बिघडली, गिअर पडेना, पण मी म्हटलं, रोगी आहे, जायचंच. ढकलत न्यायला लावली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. नियम मात्र तसाच राहिला. तीन जमले की जायचं. मिठागरातले लोक पुढे जास्त हुशार झाले, पाय धुऊन झोपू लागले. आणि तुम्ही गेल्यावर शोकसभेत हेच वकीलकाका उभे राहिले, आवाज घोगरा करून म्हणाले, "असा डॉक्टर, की ज्याने एका गरीब बाळंतिणीसाठी बंद पडलेली मोटार ढकलत नेली!" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आई पहिल्या रांगेत ताठ बसली होती. तिने लावला नाही. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो आणि मला वाटलं, आता मोठ्याने बोलावं. बोललो नाही. वडील वारल्यावर आठवड्याभरात मुलाने असं बोलू नये, एवढं मलाही कळत होतं.

आज काका टाकी अर्धीच भरून गेले. जाता जाता म्हणाले, "तुझे वडील असते तर ह्या दरालाही नमले नसते. पेट्रोल नाही तर नाही, माणुसकी महत्त्वाची. काय?" मी पावती फाडून दिली. त्यावर सगळं बरोबर लिहिलेलं होतं. त्यांच्या तोंडावर म्हणायचं ते इथे तुम्हाला लिहून ठेवतो, कारण तुमच्याशी तर मी जन्मभर काही बोललोच नाही. हा कागद घडी घालून ट्रंकेत जाईल, आईच्या हाती लागू नये एवढंच.

अण्णा, गिअर अडकला नव्हता. मी टाकलाच नाही. नुसता क्लच दाबून बसलो होतो, आता तुम्हाला कळेल, आता कळेल असं वाटत होतं, आणि तरी टाकला नाही. तुमचं ऐकलं नाही, असं तेवढं एकदाच.