समुद्रात हलकी, काट्यावर जड

पट्टाया, थायलंड
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप धाऊदादास,

धाकट्या अनिताचा परदेशातून वाकून नमस्कार. (पाठ धरलीय, त्यामुळे सध्या अर्धाच वाकलेय. उरलेला आपल्या गावी, वैशाखऱ्याला आल्यावर पुरा करीन.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? गाय व्यायली का? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण तुला ऐकू जात नाय म्हणून मला ओरडावं लागतं, आणि परवा मी ओरडले तर हॉटेलची दोन माणसं जिना चढून पळत आली. म्हणून पत्र. (पत्राच्या आधी मीच पोचेन, असं माझ्याबरोबरची सावळी म्हणते. पोचूदे. लिहिलेलं राहतं.)

मोठी बातमी आधीच सांगते, नायतर तू शेवटचं पान पहिलं उघडशील. आमचा तिसरा नंबर आला! नऊ देशांच्या बायकांची रस्सीखेच, आणि त्यात शहापूर-मुरबाडच्या आपल्या आठ बाया तिसऱ्या. पदक गळ्यात आहे आणि ते घालूनच लिहायला बसलेय. कागदावर आपटून खणखण वाजतंय, पण काढणार नाय.

स्पर्धेच्या चार दिवस आधी आमाला इकडं आणलं, हवा अंगवळणी पडावी म्हणून. परदेश म्हणजे थंडी, हे गावात सगळ्यांनी इतकं ठासून सांगितलेलं की आठही जणींच्या पिशव्यांत स्वेटर नि कानटोप्या. विमानातून उतरलो तर बाहेर भर वैशाखातलं मुरबाड! आमचे ओमकार सर (शाळेत खेळ शिकवतात, वय तीस, पण आमच्यापुढं बिचारे कोकरू) यांनी तोंड फिरवून हसू दाबलं ते मला दिसलं.

बँकॉकला झोपलेला बुद्ध पाहिला. आपल्या एसटीच्या चार गाड्या एकामागं एक लावल्या तर होतील तेवढा लांब. मग एका चौकात चक्क गणपती! त्याच्यापुढं लाल सरबताच्या बाटल्या, आणि देवाला त्रास नको म्हणून प्रत्येकीत नळी घातलेली. आमाला राहवलं नाय. आमी आठ जणींनी तिथंच टाळ्या वाजवत आरती म्हटली. तिथली माणसं चपला काढून हात जोडून उभी राहिली, एक पोलीससुद्धा. आरती संपल्यावर तो पोलीस प्रसादासाठी हात पुढं करून थांबला, तेव्हा मी पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू दिला. त्याने डोक्याला लावून खाल्ला. दादा, मला तर आपल्या गावच्या देवळात असल्यासारखं वाटलं.

आता खाण्याचं. इथं कच्ची पपई उखळात कुटून देतात. बाईने खुणेनं विचारलं, मिरच्या किती? मी म्हटलं, आमी मुरबाडच्या, हात आखडू नको. पहिल्या घासाला डोळ्यांतून धार लागली. ती बाई घाबरून पाणी घेऊन आली, पण आपल्या तालुक्याची लाज होती, म्हणून मी "गोड आहे" असं खुणेनंच सांगून बशी संपवली. मग तोंड शांत करायला चिकट भात, त्यावर नारळाचं घट्ट दूध आणि आंब्याच्या फोडी. आपल्याकडं भात असा झाला तर सुनेला चार दिवस ऐकावं लागतं, इथं त्याला मान आहे. शिवाय चिंबोऱ्या, मासे, तळलेली केळी. मी आपलं चवीपुरतंच खाल्लं. फक्त मला चव कळायला वेळ लागतो.

तिसऱ्या दिवशी होडीतून एका बेटावर नेलं, समुद्राच्या तळाशी जायला. अंगाला चिकटणारा काळा पोशाख, पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. शिकवणारी मुलगी एवढीशी, आपल्या भाताच्या मुडीएवढी. सावळीला तू ओळखतोस, खर्डीच्या वरच्या पाड्यावरची, विहिरीत पडलेली कळशी एका दमात काढणारी. ती सरळ खाली. मी मात्र बुडेना! त्या मुलीने माझ्या कमरेला शिशाचे दोन तुकडे बांधले. मी वरच. चार बांधले. वरच. सहाव्याला कुठं खाली निघाले.

आणि दादा, खरं सांगते, तीन पुरुष, म्हणजे एकावर एक तीन माणसं उभी राहतील इतकी खोल गेले असेन. निळे मासे, पिवळे मासे, फुलासारखी हलणारी झाडं, आणि आवाज फक्त माझ्या श्वासाचा. संसाराच्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी हाक मारत नव्हतं. चहा दे नाय, भाकरी वाढ नाय, पंप बंद कर नाय. सावळीने माझा हात धरला आणि आमी दोघी वाळूवर गुडघे टेकून नुसत्या बसून राहिलो. मला हसू आलं, नाकात पाणी गेलं, आणि ती मुलगी मला ओढत वर घेऊन आली. पण पाहिलं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनं. रस्सीखेचीत आठ जणींचं मिळून वजन धरतात, आमची हद्द पाचशे चाळीस किलो. घरून निघताना पाचशे सदतीस भरलेलो. इथं काटा म्हणाला पाचशे बेचाळीस! सर मटकन खालीच बसले. दुपारी बारापर्यंत वजन उतरलं नाय तर संघ बाद. राखीव म्हणून आणलेली रविना अगदी हलकी, मला काढून तिला घेतलं असतं तर लगेच बसलं असतं. पण मी शेवटची, दोर पाठीवरून घेऊन खुंट्यासारखी उभी राहणारी. सर माझ्याकडं बघेनात. मी मान खाली घालून म्हटलं, "सर, काढा मला."

सावळी पुढं झाली. "ताई नसली तर दोर कुणाला बांधायचा? नारळाच्या झाडाला?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "चल गो, अजून दोन तास हायत. पळू."

पळालो. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोप्या, रणरणतं ऊन. वाळूवर गोरी माणसं उघडी पडलेली, त्यांच्यामधून आमी आठ जणी घामाच्या धारा गाळत. लोक उठून फोटो काढायला लागले. सावळी तर काडी, तिला पळायची गरजच नव्हती, पण ती दोन स्वेटर घालून माझ्या शेजारी शेवटपर्यंत पळाली. परत काट्यावर आलो तर दोनशे ग्रॅम जास्त. तेव्हा बांगड्या, पैंजण, जोडवी, सगळं उतरलं. सरांच्या टोपीत ढीग झाला. पाचशे एकोणचाळीस किलो नऊशे ग्रॅम!

आज सकाळी तिसऱ्या नंबरासाठी तैवानच्या पोरी समोर. पहिली खेच त्यांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत नेली. दुसऱ्या वेळी लावणीच्या चिखलात रोवतो तशा टाचा रोवल्या. पुढून सावळी ओरडली, "ओढा गो!" आणि दोर आमच्याकडं आला. तिसरी खेच चार मिनिटं चालली. खांदा सोलला, हातांची साल निघाली, पण मी जागची हलले नाय. शिट्टी झाली तरी मी दोर सोडेना, तेव्हा पंचाने येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली. मग झेंडा वर चढला, माइकवर "इंडिया" म्हणाले. मला ऐकू आलं वैशाखरे. ओमकार सर रडत होते आणि टोपीतली जोडवी कुणाची कुठली ते विचारत होते.

वहिनीला नमस्कार, लहानांच्या गालाला हात, आणि गाय व्यायली असेल तर चीक ठेव.

तुझी,
अनिता

ता. क. वर पाचशे बेचाळीस लिहिलंय, म्हणजे पाच किलो वाढलेले. त्यातले चार माझे. हे वहिनीला वाचून दाखवू नको.

ता. क. दुसरा. खरं पत्र आता सुरू होतं. आमच्यातल्या दोघींचे गुडघे गेलेत, पुढच्या वर्षी त्या नाय. तुझ्या अक्षदाला आमच्या संघात दे. तू नाय म्हणशील, पोरीला शिवणक्लास पुरे म्हणशील, म्हणून मी आधी पदकाचं सांगितलं.

ता. क. तिसरा. दादा, रागावू नको. अक्षदा शिवणक्लासला जातच नाय. दिवाळीपासून दर रविवारी ती मुरबाडच्या मैदानावर आमच्याबरोबर असते. तिने शिवले म्हणून तू गावभर दाखवलेले वहिनीचे दोन ब्लाउज खर्डीच्या शिंप्याचे आहेत. तुझ्या लेकीला सुईत दोरा ओवता येत नाय. पण दोर एकदा धरला की ती सोडत नाय.