फाळाची माती

पौष व. ५, शके १८६७
बटाट्याची गाडी सोलापूरहून भरलेलीच परत. नाक्यावर करोडगिरीची जकात भरली ती गेलीच. आडत्यानं बटाटे कापून पुढ्यात धरले. वरून नितळ, आत तांबूस कडी. म्हणाला, "मालक, ढोरांना घाला." थोरल्या दादांना काय सांगू?

पौष व. ६
दादा म्हणतात, नजर लागली. मी विळा घेऊन दोन्ही रानांत कापत हिंडलो. खालच्या ओढ्याकाठच्या ओलसर रानात सगळाच माल खराब. तिथं सालोसाल बटाट्यावर बटाटा, गेल्या सालीही थोडा माल असाच निघालेला. वरच्या रानात यंदा पहिल्यांदाच लावलेला, बेणंही आमच्या रानातलं नव्हे, बाहेरचं. तरी बांधालगतच्या तासांत कडी, पुढं कमी, पार टोकाला माल चांगला. गेल्या इर्जिकीला गाव मिळून आमची नांगरट करायला आला, तेव्हा सगळे नांगर खालच्या चिखलातून त्याच बांधावरून वर चढले होते.
रोग आम्हीच नेला, फाळाला लावून. दुसरं काय!

माघ शु. २
यंदाची इर्जिक ठरली. आधी आमचं खालचं रान, मग लगेच ओढ्यापलीकडं काशीचं. दाजी अंथरुणावर, तेवढ्या रानावर बहिणीचं घर चालतं. कार्तिकात तिलाही बटाटाच लावायचाय.
दादांना म्हटलं, नांगर आन् बैलांचे खूर धुऊन नेऊ. भडकले. "येडा झाला का रं? भैनीच्या रानात फाळ धुऊन जात्यात व्हय? लोक म्हनतील, म्हायेरानं माती बी झाडून घेतली!"

माघ शु. ४
काशीला सगळं सांगितलं.  म्हणाली, "अण्णा, लोक रागावून माघारी गेले तर माजं रान कोन नांगरंल? माज्याकडं बैल हायेत का?"
  

माघ शु. ७
झाली इर्जिक. आमचं रान उरकल्यावर ओढ्यात उतरून एकटाच नांगर धूत बसलो. "सोवळं पाळतोय गड्या!" म्हणत लोक हसत पुढं गेले. दादांनी फाळ न धुताच बैल पुढं हाकले.
काशी बांधावर कुंकू घेऊन उभी. दादांच्या फाळाला बोटभर चिखल. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि त्या चिखलावरच कुंकू लावलं. मी धावत जाऊन बैल धरायला हवे होते. पाय उचलला नाही.
पंगतीत वाढताना हळूच विचारलं तिनं, "अण्णा, बिघडलंच तर किती सालं बिघडंल?"
मला काय माहीत! आमचंच अजून सुधारलेलं नाही.