चिलखताची गाठ आणि कांद्याची गाडी

नाशिक रोड,
बुधवार, १५ मे २००२

चि. चंदर यास,

रविवार, दिनांक १२ मे २००२, दुपारी एक वाजून चोवीस मिनिटं. (हॉलच्या घड्याळात एक वीस झाले होते, पण ते चार मिनिटं मागे चालतं. हे मी तिथल्या मॅनेजरला जेवणाआधीच ऐकवलं होतं.) ही तारीख आणि ही वेळ तू तुझ्या ट्रकच्या काचेवर चिकटवून ठेव. कशाबद्दल ते पुढे येईलच.

आधी रीत. सप्रेम जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? संध्याला सांग, लोणचं बंद केल्याशिवाय रक्तदाब उतरत नाही, डॉक्टर कितीही बदलले तरी. आमच्याकडे सगळं ठीक आहे. तुझे दाजी तब्येतीने बरे आहेत, फक्त कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. त्याचं कारण वेगळं आहे आणि तुला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

आता मुद्दा. धोंडीरामदादाच्या पिंकीचं लग्न, नाशिकच्या द्वारका चौकाजवळचा हॉल, चारशे माणूस. वंदना झाली, लग्न लागलं, आहेर पुकारायला माइक सुरू झाला. एक चोवीसला तो माइक आहेर पुकारणाऱ्याच्या हातातून काढून घ्यायला तुला कोणी सांगितलं होतं? तुला शाल द्यायची होती, ती देऊन खाली उतरायचं. पण नाही. "मंडळी, आमची ताई लष्कराच्या हेलिकॉप्टरला चिलखत बांधायची, मोठं नाव झालं तिचं. पण ती गाठ कोणाची, इचारा! हाई गाठ मनी शे! कांदानी गाडीनी गाठ शे!" (देवळालीत जन्मलेला माणूस तीस वर्षं सटाण्यात राहून ‘माझी आहे’ला ‘मनी शे’ म्हणत अहिराणी बोलायला लागतो, हे मी सहन केलं आहे. पण माइकवर नाही.) चारशे माणूस हसलं. नवऱ्याचे मालेगावचे काका जेवताना माझ्या शेजारी बसले आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "मावशी, मग कांद्याचा धंदा जुना का तुमचा?" मी त्यांना आणखी एक जिलबी दिली.

चंदर, त्या कामाबद्दल बोलणार नाही अशी मी कागदावर सही केली होती. तुझ्या दाजींनासुद्धा पहिली दोन वर्षं वाटायचं की मी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये उशांचे अभ्रे शिवते. आता नवे साहेब म्हणतात, त्यात लपवण्यासारखं काही उरलं नाही, बोला खुशाल. पण बोलायचं ते मी! आणि खरं काय ते तुला एकदा क्रमाने लिहून द्यायलाच हवं, कारण तू सगळी हकीकत ताडपत्रीच्या एका टोकाकडून बघतोस.

ते चिलखत म्हणजे आत कडक पाट घातलेली जाड गादी, एकेक अकरा किलोची. हेलिकॉप्टरच्या दाराला आणि चिलखती गाडीच्या हॅचला, म्हणजे डोक्यावरच्या ज्या झाकणातून माणसं आतबाहेर करतात त्याला, ती लावायची. लावायला काय, कोणीही लावेल. अडचण काढायची होती. उंच पहाडावर हेलिकॉप्टरला वजन झेपत नाही, म्हणून गोळीची भीती असेल तिथे गादी हवी आणि नसेल तिथे क्षणात उतरायला हवी. साहेबांनी आधी बोल्ट लावले, एका गादीला बावीस. काढायला पस्तीस मिनिटं. मग वेल्क्रो लावलं. त्यात धूळ बसली आणि चाचणीच्या जीपवरची गादी मालेगावच्या वाटेवर (तुला तो रस्ता माहीत आहे) ड्रायव्हरच्या मांडीवर येऊन बसली. मग बकलं आली. ती हातमोज्यांच्या बोटांना उघडेनात. एवढं सगळं झाल्यावर राकेशसाहेब नावाचे इंजिनिअर आमच्या शिवण विभागात आले आणि दारातच उभे राहिले. लढाईचं सामान बनवणाऱ्याला शिलाई मशिनपाशी यायला लाज वाटते, हे मी तीस वर्षं पाहिलं आहे. आमची गोजराबाई मशिनवरून मान वर न करता म्हणाली, "सायब, बाई काखेत पोर घिऊन एका हातानं झंपरचे हुक लावती. तुमी बावीस बोल्ट कशाला लावता?" मी तिला गप्प केलं आणि साहेबांना सांगितलं, आठ दिवस द्या.

इथे नीट वाच. एका फासातून दुसरा फास काढायचा, दुसऱ्यातून तिसरा, आणि शेवटचं टोक ओढलं की सगळी साखळी सरसर उसवते, हे मला सहावीत सिस्टर बर्नार्डेट यांनी क्रोशाच्या सुईने शिकवलं. म्हणजे मूळ कल्पना माझी. (बाबा त्या शाळेत आचारी होते म्हणून सिस्टरनी मला फुकट घेतलं. मुलींची शाळा होती, तुला घेता आलं नसतं. मी त्यांना विचारलं होतं. तुला हे कधी सांगितलं नाही.) त्याच आठ दिवसांत दिवाळी आली आणि मी सटाण्याला आले, तेव्हा तू कांद्याच्या गाडीवर ताडपत्री बांधत होतास, हे खरं. मी पाऊण तास उन्हात उभी राहिले, हेही खरं. तुझ्याकडून सहा वेळा बांधून सोडवून घेतली, ती तुला बरं वाटावं म्हणून. वहीत आकृती काढली, कारण मला आकृत्या काढायची सवय आहे. माझा पहिला नमुना वाऱ्याने आपोआप सुटायचा, तुझी ताडपत्री सटाण्याहून मुंबईपर्यंत हलत नाही आणि तिथे एका हिसक्यात सुटते, हा फरक शेवटच्या फासाला दिलेल्या अर्ध्या पिळाचा आहे. तो पीळ तुझा. बरं, दिला तुला. पण एका पिळासाठी माइक?

लाल शेपटी मात्र माझी, आणि तिच्याबद्दल तू चारशे माणसांपुढे एक अक्षर काढलं नाहीस. ओढायच्या टोकाला वीतभर लाल पट्टी शिवायची, म्हणजे धुरळ्यात, घाईत, भीतीत सुद्धा माणसाला ती दिसते. तुझ्या ट्रकला अशी शेपटी आहे का? नाही. तू अंदाजाने चाचपतोस आणि मग हमालाला शिव्या देतोस. चाचणीच्या दिवशी चार गाद्या अठ्ठेचाळीस सेकंदांत खाली आल्या. राकेशसाहेबांनी घड्याळ दोनदा झटकलं, त्यांना वाटलं बंद पडलं. आम्ही सात बायका खिडकीत उभ्या होतो आणि कोणीही टाळी वाजवली नाही, कारण तशी परवानगी नव्हती. पण गोजराबाईने माझा हात इतका दाबला की दोन दिवस कात्री धरता आली नाही.

आणि मग २०००च्या मार्चमध्ये हॅचवरची एक गादी दुरुस्तीला परत आली. कोपरा फाटलेला, सगळीकडे वाळलेला चिखल. सोबत चिठ्ठी होती. गाडी ओढ्यात कलंडली, गादी वाकून झाकणावर दाबली गेली, आत तिघं जण, पाणी चढत होतं. एकाला लाल पट्टी दिसली. त्याने ओढली. तिघंही बाहेर आले. खाली लिहिलं होतं, "कोपरा शिवून द्यावा." गोजराबाई म्हणाली, आधी सगळ्यांनी हात लावायचा, मग शिवायची. आम्ही एकेक करून हात लावला. बोल्ट असते तर पस्तीस मिनिटं लागली असती, चंदर. तीस वर्षांच्या नोकरीत मला निरोपाला नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पण माझं बक्षीस म्हणजे तो फाटका कोपरा, आणि तो मी स्वतः शिवला.

त्या दिवशी सुटी झाल्यावर मी पीसीओवर गेले आणि सही केलेली असूनही तुलाच फोन लावला. नुसतं "सुटली रे" म्हणाले. तू विचारलंस, काय सुटलं? मी फोन ठेवला. पुढच्या भेटीत सगळं सांगितलं. त्याचं तू हे केलंस.

तेव्हा चूक तुझी आहे, आणि तू ती लेखी मान्य करावीस. त्यात लाल शेपटीचा स्पष्ट उल्लेख हवा. "तोंडातून निघून गेलं" असलं काही चालणार नाही. फोनवर तर मुळीच ऐकून घेणार नाही.

तुझी ताई,
विमल

ता. क. बुधवारी, २९ मे रोजी, सकाळी दहा वाजता वर्कशॉपमध्ये नव्या तुकडीच्या बारा जवानांना गादी बांधून-सोडून दाखवायला मला बोलावलं आहे. मी लगेच हो म्हणाले. गोजराबाई सुरतेला मुलाकडे गेली आहे आणि तिथे फोन नाही. वहीतल्या आकृतीवर नेमका शेवटच्या फासावर चहा सांडलेला आहे, त्यामुळे पीळ डावा की उजवा ते कळत नाही. पूर्वीही हा पीळ गोजराबाईच द्यायची. मी देखरेख करत होते.

ता. क. २. काल मी न्हाणीघराच्या दाराला कापसाची गादी बांधून सराव केला. तुझे दाजी आत आहेत हे मला माहीत नव्हतं. लाल शेपटी उत्तम दिसत होती, पण ओढल्यावर गाठ आणखी आवळली. एक तास दहा मिनिटांनी सुरीने दोरी कापली. दाजी बाहेर येऊन एकच वाक्य बोलले, "चंदरला बोलाव." तेव्हापासून गप्प आहेत.

ता. क. ३. गेटपासाचा फॉर्म भरून दिला आहे. त्यात "विषयतज्ज्ञ" असा रकाना होता. मी तुझं नाव घातलं. अनुभव, एकतीस वर्षं. शिक्षणाचा रकाना मी कोरा ठेवला, आणि कारकुनाने विचारलं तेव्हा सांगितलं, यांच्याकडूनच शिकले मी. जुना दोर घेऊन ये. पांढरा शर्ट घाल. तिथे माइक असेल, त्याला हात लावायचा नाही. शेपटीबद्दल मी बोलेन.

ता. क. ४. तुझं लेखी उत्तर सोमवार, २७ मे, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. दिलगिरीचं राहिलं तरी चालेल. कोणत्या गाडीने येतोस ते लिही.