लबाड घोडीचा तंग

तीर्थरूप बाबा,

हट्टी लेकीचा वाकून नमस्कार. वाकता येतंय, म्हणजे बघा, मी बरी आहे.

चौथी केमो झाली. जेवण जातंय. केस गेल्यामुळे हेल्मेट तेवढं सैल होतं. कंबर दुखत असताना तुम्ही धावत येऊ नका. आईचं ब्लडप्रेशर कसं आहे?

काल तबेल्यात गेले होते. डॉक्टरांनी घोड्यावर बसू नको म्हटलंय, खोगीर घालू नको असं कुठे म्हटलंय? ते मोतद्दारानं चढवलं, पोटाखालचा पट्टा, तंग, मी आवळायला घेतला. आमची घोडी लबाड, तेव्हा नेमकं पोट फुगवते. ती श्वास सोडेपर्यंत थांबायचं, हे तुम्हीच शिकवलेलं.

मी थांबले. मग स्तन काढला त्या बाजूच्या हातानं ओढला, मग दोन्ही हातांनी. एक भोकही पुढे सरकेना. "सोड गं श्वास, लबाडे!" म्हणून तिच्यावर खेकसले.

मोतद्दार हळूच म्हणाला, "ताई, तिनं पोट फुगवलेलंच नाही."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती शहाण्यासारखी उभी होती, बाबा.

कंबर साथ देत असेल, तर याल का?

तुमची,
ठकी